पोरकं कोकरू: बाटलीवर की शेळीवर? डोळ्यांना दिसत नसलेल्या मेंढपाळासाठी

मेंढी दगावली, तिला दूध उतरलं नाही किंवा जुळ्यातलं एक तिनं ढुशी मारून लोटलं, की कोकरू आपल्या गळ्यात पडतं. नुकतीच व्यालेली दुसरी मेंढी असेल तर आधी तिच्या वारेचं पाणी कोकराच्या अंगाला चोळून लावून पाहा. मेंढी पिल्लू वासानं ओळखते. ते जमलं नाही तर उरते बाटली, नाहीतर दारातली उस्मानाबादी शेळी.

पहिल्या दिवशी मात्र बाटलीच. तीन किलोच्या कोकराला दर सहा तासांनी 150 मिली चीक, म्हणजे चोवीस तासांत 600; पहिला घोट दोन तासांच्या आत. मेंढीचा नसेल तर शेळीचा किंवा गाईचा चीक चालतो, पण उकळू नका, लगेच गोठतो. आधी बोट तोंडात घाला. जीभ गार लागली आणि बोट चोखत नसेल तर पाजू नका. पोत्यात गुंडाळून ऊब द्या, जनावरांच्या डॉक्टरला फोन करा.

मापासाठी 50 मिलीची वाटी ठेवा: तीन वाट्या भरून ओतल्या की झालं. उरलेलं त्याच वाटीत परत ओतलं की किती पोटात गेलं तेही कळतं. निपल मनगटावर उलटं धरा. थेंब थेंब पडावं, धार लागली तर भोक मोठं आहे. कोकरू चार पायांवर उभं राहू द्या, तोंड किंचितच वर. उताणं घेऊन पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. एक हात त्याच्या ढुंगणावर असू द्या: नीट पीत असेल तर शेपूट भराभर हलते. शेपूट थांबली, बाटलीतला बुडबुड्यांचा आवाजही बंद, म्हणजे निपल बुजलंय. घशात घरघर आली तर बाटली लगेच काढा.

बाटलीचा खरा त्रास धुण्याचा. निपलच्या आत बोट फिरवा, बुळबुळीत लागलं तर पुन्हा धुवा. उन्हाळ्यात सकाळचं उरलेलं दूध दुपारी वापरूच नका.

शेळीला धुणं नाही, तापवणं नाही, रात्री उठून चूल पेटवणं नाही. पण मापही नाही. पोट भरलं की नाही ते तळहातानंच ओळखायचं: शेवटच्या बरगडीमागे खड्डा लागला तर उपाशी, बरगडीच्या बरोबरीला आलं तर पुरे, नगाऱ्यासारखं ताणलेलं असेल तर थांबा. म्हणून आधीचे तीन-चार दिवस बाटलीचे. मोजून पाजल्यावर दर वेळी पोट चाचपायचं, हात आपोआप शिकतो. हे न करता पहिल्या दिवसापासून शेळीला लावलेलं कोकरू अर्धपोटी राहून खंगतं, आणि बारीक झाल्यावरच लक्षात येतं.

शेळी एकच करडू असलेली किंवा करडू मेलेली हवी. उस्मानाबादीला जुळी बरीच होतात. जुळ्यांच्या आईकडून तिसऱ्याला अर्धा लिटर मागणं ही आपलीच लबाडी. निवडलेल्या शेळीला कोपऱ्यात भिंतीशी आखूड दाव्यानं बांधा, सड कोकराच्या तोंडात स्वतः द्या, दिवसातून चार वेळा. दर वेळी आधी दोन पिळा तळहातावर घ्या. गाठी लागल्या, कास तापलेली किंवा दगडासारखी झाली, तर कासदाह. इथे दिसणाऱ्यापेक्षा तुमचे हात कदाचित आधी सांगतील. कोकराच्या ओठांवर खपल्या लागल्या तर तो मावा, म्हणजे तोंडाचा सांसर्गिक रोग, असू शकतो. तो शेळीच्या सडांना आणि माणसाच्या बोटांनाही लागतो, त्यामुळे अशा वेळी हातमोजे घाला आणि कोकरू परत बाटलीवर घ्या.

एक-दोन कोकरं असतील तर चार दिवस बाटली, मग शेळी, हेच सोयीचं. तीन किंवा जास्त असतील तर शेळीमागे धावण्यात दिवस जातो. बाटलीच बरी, आणि प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या आवाजाचं घुंगरू सैल बांधा, म्हणजे कोण प्यायलं नाही ते कळेल.