कोर्टाजवळचं झेरॉक्सचं दुकान आणि पाचशे पानांची सुनावणी

जळगावात कोर्टाच्या आसपास झेरॉक्सची दुकानं पैशाला पासरी आहेत, एकाच काउंटरवर नोटरी, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो सगळं होतं, त्यात एखाद्याचा रिव्ह्यू काय लिहायचा असं वाटेल. पण या दुकानाने माझं जे काम केलं ते मी दोन महिने मनात घेऊन फिरतेय, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी काम काय होतं ते सांगते. मी वकिली करते, आणि रविवारी माझ्याकडे सहा ज्युनियर येतात, चोपडा, यावल, धरणगावची मुलं, आणि अक्कलकुव्याची एक मुलगी जी इथे रूम करून राहते. सगळ्यांना जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टाचं जज व्हायची परीक्षा, द्यायची आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन वर्षांची प्रॅक्टिस पुन्हा सक्तीची केली तेव्हापासून ही मुलं दिवसभर कोर्टात उभी असतात आणि वाचायला फक्त रविवार मिळतो. एका रविवारी व्हिक्टोरिया गौरींचा विषय निघाला. मद्रास हायकोर्टावर जज म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा मुस्लिम आणि ख्रिश्चन समाजाबद्दलच्या त्यांच्या जुन्या भाषणांवरून केवढा गदारोळ झाला होता, ७ फेब्रुवारी २०२३ ला इकडे सुप्रीम कोर्टात अर्जावर सुनावणी चालू आणि तिकडे चेन्नईत शपथविधी चालू. अर्ज फेटाळले गेले, कारण कोर्ट म्हणालं की पात्रता आम्ही तपासू शकतो, पण माणूस त्या खुर्चीला योग्य आहे की नाही हे आम्ही ठरवणार नाही. तर धरणगावच्या मुलाने विचारलं, मॅडम मग हे ठरवतं कोण आणि कसं, आपल्याला ते वाचायला कुठे मिळतं?

आपल्याकडे मिळत नाही. कॉलेजियमचे, म्हणजे जज निवडणाऱ्या वरिष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाचे, ठराव २०१७ पासून वेबसाइटवर येतात पण त्यात बहुतेक वेळा दोन-चार ओळी असतात. म्हणून मी त्यांना जेफ सेशन्सची १९८६ ची सुनावणी वाचायला द्यायचं ठरवलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जज सुचवतात आणि सिनेटची कमिटी उघड साक्षी घेऊन ते नाव तपासते. सेशन्स अलाबामात सरकारी वकील होते, राष्ट्राध्यक्ष रेगनने त्यांना तिथल्याच फेडरल जिल्हा कोर्टाचं जज म्हणून सुचवलं होतं, आणि सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीपुढे त्यांच्यावर वर्णद्वेषाचे आरोप झाले. त्या सगळ्या साक्षी सरकारने छापल्यात, पाचशेच्या वर पानं, आणि स्कॅन फुकट मिळतं. मोबाइलवर एवढं वाचून होत नाही, कागदच पाहिजे.

पहिल्यांदा मी दुसरीकडे फाइल दिली होती, नाव लिहीत नाही. स्वस्त पडलं, पण घरी येऊन बघते तर मधली १४ पानं गायब. आणि कोणती? टॉमस फिगर्स या काळ्या सरकारी वकिलाने सेशन्सवर जे आरोप केले ती पानं होती, आणि सेशन्सनी त्यावर दिलेलं उत्तर अर्धवट. म्हणजे मुलांनी तेवढंच वाचलं असतं तर आरोप वाचला असता आणि बचाव नाही! जज व्हायला निघालेल्या मुलांच्या हातात असा कागद द्यायचा? परत गेले तर म्हणे तुमची फाइलच तशी आहे. फाइल तशी नव्हती.

मग इथे आले. मालकांनी फाइल उघडली आणि आधी सगळी खाली सरकवत शेवटपर्यंत बघितली, हे मी आजपर्यंत कुठल्याच झेरॉक्सवाल्याला करताना बघितलं नाही. म्हणाले, ताई, जुनं स्कॅन आहे, पाठीमागचा करडा रंग तसाच छापला तर शाई पण जाईल आणि अक्षर पण दिसणार नाही, मी तो घालवतो. डाव्या बाजूला जागा वाढवली कारण स्पायरलमध्ये ओळीचं पहिलं अक्षर खाल्लं जातं. पाचशे पानं एका स्पायरलमध्ये घातली तर पानं फाटतात म्हणून दोन भाग केले. बॅक टू बॅक, कागद जाड, मागचं अक्षर पुढे दिसत नाही. आणि मी न सांगता प्रत्येक साक्षीदाराच्या आधी एक पिवळं कोरं पान घातलं. सात सेट होते, सातही मी घरी बसून पानागणिक मोजले, एक पान मागेपुढे नाही.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून हे लिहायला घेतलं ती. पिवळी पानं घालणारे दादा पन्नाशीचे आहेत, एरंडोलकडचे. पानं लावताना त्यांनी विचारलं की हे एवढं काय छापतायत ताई. मी थोडक्यात सांगितलं, की अमेरिकेतला खटल्यासारखा प्रकार आहे, एका गोऱ्या वकिलाला जज करायचं होतं, त्याच्याच ऑफिसातला काळा वकील येऊन सांगतो की हा मला 'बॉय' म्हणायचा. मी समजवायला लागले की तिकडे बॉय म्हणजे नुसतं पोरगा नाही, गुलामीच्या काळापासून मोठ्या बाप्या माणसालाही... तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. म्हणाले, "समजनं ताई. मना बाप साठ वरीसना व्हता, सालदार, तरी मालकना धाकला आंडोर त्याले ये रे, जाय रे करे." (आंडोर म्हणजे मुलगा.) आणि परत पानं लावायला लागले. खान्देशात ज्याने आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदारांची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांची, सालं ठरताना बघितलीत त्याला यावर वेगळं सांगायला नको, सहा वर्षांचं पोर नावाने हाक मारतं आणि म्हातारा माणूस जी जी करत उठतो. मी पंधरा मिनिटं लेक्चर देणार होते त्याची काही गरजच नव्हती.

रविवारी मुलांना मी हेच आधी सांगितलं आणि मग वाचायला बसवलं. फिगर्सनी आणखी सांगितलं होतं की गोऱ्या लोकांशी बोलताना सांभाळून बोल असं सेशन्स त्यांना म्हणाले. क्लॅनची, म्हणजे काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या कु क्लक्स क्लॅनची, गोष्ट आहेच, सेशन्स म्हणे बोलले की क्लॅनवाले मला बरे वाटायचे पण ते गांजा ओढतात कळल्यावर मत बदललं, आणि हे कधी बोलले, तर मायकल डोनाल्ड नावाच्या काळ्या मुलाला १९८१ मध्ये मोबीलमध्ये क्लॅनवाल्यांनी मारून झाडाला टांगलं होतं त्या केसचं काम चालू असताना. सेशन्स म्हणाले तो विनोद होता. बॉय म्हटल्याचं तर त्यांनी साफ नाकारलं. आणि अलाबामातल्याच मॅरियन गावची केस, अल्बर्ट टर्नर, त्यांची बायको एव्हलिन आणि स्पेन्सर होग यांच्यावर टपाली मतांत फेरफार केल्याचा खटला सेशन्सच्या ऑफिसने भरला होता, टर्नर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगचे जुने सहकारी, आणि १९८५ मध्ये ज्युरीने तिघांना निर्दोष सोडलं. यावर सेशन्सचं म्हणणं असं की तक्रार घेऊन आमच्याकडे आले ते तिथले काळे पदाधिकारीच होते. हे पण खरं आहे, आणि हे पण त्याच पुस्तकात आहे, म्हणून मी पूर्ण पुस्तकासाठी एवढी अडून बसले होते.

अक्कलकुव्याच्या मुलीने पेन्सिलने दोन्ही बाजूंना खुणा केल्यात, आरोपाला एक रेघ, उत्तराला दोन. तिचं मत असं पडलं की एकेक वाक्य घेतलं तर माणूस सुटतो, पण सगळं सलग वाचलं की संशय जात नाही. आणि गंमत नाही, खरंच सांगते, अलाबामाचेच सिनेटर हॉवेल हेफ्लिन, स्वतः आधी तिथले सरन्यायाधीश राहिलेले, त्यांनी पण असंच म्हणून विरोधात मत दिलं, की हा माणूस निःपक्ष राहील का याबद्दल मला शंका आहे. ५ जून १९८६ ला कमिटीत १० विरुद्ध ८ ने शिफारस पडली, मग शिफारस न करता नुसतं पुढे पाठवायचं का त्यावर ९-९, म्हणजे तेही पडलं. पुढे १९९६ च्या निवडणुकीला हेफ्लिन उभे राहिले नाहीत आणि त्यांच्याच जागेवर सेशन्स सिनेटर म्हणून निवडून आले. हे ऐकून मुलं बराच वेळ गप्प होती.

एक गोष्ट मात्र या छापील पुस्तकात नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी कमिटीला पत्र लिहिलं होतं, की सेशन्सनी आपल्या पदाची ताकद काळ्या मतदारांना घाबरवायला वापरली. ते पत्र कमिटीचे अध्यक्ष थरमंड यांनी कामकाजात घेतलंच नाही, ते लोकांपुढे आलं २०१७ च्या जानेवारीत, सेशन्स अॅटर्नी जनरल व्हायच्या वेळी. फेब्रुवारीत सिनेटर एलिझाबेथ वॉरन ते सिनेटमध्ये वाचत होत्या तर त्यांना मध्येच थांबवून खाली बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी ५२-४७ ने सेशन्स मंजूर. हे पत्र मी वेगळं छापून घेतलं, आणि दादांनीच सुचवलं की ते स्पायरलमध्ये नको घालू, मागच्या कव्हरला खिसा लावून देतो, म्हणजे ते पुस्तकाचं नाही हे दिसेल. बरोबर बोलले.

तक्रारी पण सांगते. गुरुवारी देतो म्हणाले आणि शनिवारी संध्याकाळी दिलं, मध्ये लाइट नव्हती हे मान्य, पण एक फोन करायला पाहिजे होता, मी ४३ डिग्रीत दोन चकरा मारल्या. गाडी लावायला जागा नाही. एका सेटच्या कव्हरवर सेशन्सच्या ऐवजी सेशन कोर्ट छापून आलं होतं, ते मात्र लगेच बदलून दिलं, पैसे नाही घेतले. रेट त्या पहिल्या दुकानापेक्षा पानामागे वीस पैशाने जास्त आहे, मी कमी करा म्हटलं नाही.

सकाळी साडेदहाच्या आत गेलात तर निवांत बोलतात, अकरानंतर तारखेची गर्दी असते मग कोणी वर बघत नाही. मोठी फाइल असेल तर पेनड्राइव्हच न्या, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली त्यांच्याकडे नीट उघडत नाही. मी आता चार्ल्स पिकरिंग या अमेरिकन जजच्या बढतीच्या सुनावणीची फाइल देऊन आलेय, २००२ ची, क्रॉस जाळण्याच्या खटल्यातल्या शिक्षेवरून जी गाजली ती. पिवळी पानं घालायची का असं दादांनी विचारलं, मी म्हटलं हो, तशीच.