फीडर आणि आरएसएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. क्वचित लिहिणाऱ्यांचं लेखन वाचायचं असेल तर आरएसएससारखी सोय नाही. (आरएसएस म्हणजे संकेतस्थळ आपोआप देतं ती नव्या लेखांची यादी, तिलाच फीड म्हणतात; ती वाचायचं साधन म्हणजे रीडर.) दिवसाला पन्नास बातम्या टाकणाऱ्यांचं वाचायचं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून फोनवर फीडर नावाचं अ‍ॅप वापरतोय आणि हे मत पक्कंच होत गेलंय.

फीडर अँड्रॉइडवर फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. तुम्ही काय वाचता ती यादी फोनमध्येच राहते. संकेतस्थळाचा साधा पत्ता दिला की बहुतेक वेळा फीड ते स्वतःच शोधून काढतं. नाही सापडली तर वर्डप्रेसवरच्या ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहायचं. ब्लॉगस्पॉट असेल तर 'फीड्स', 'पोस्ट्स', 'डिफॉल्ट' हे तीन शब्द तसेच रेघांनी जोडायचे. यापलीकडे तांत्रिक काही लागलं नाही.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झालं तेव्हापासून पुष्कळांचा समज असा की आरएसएसच संपलं. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनेही ६४व्या आवृत्तीतून लाइव्ह बुकमार्क ही फीड दाखवणारी सोय काढून टाकली, तेव्हा उरलीसुरली मंडळीही पांगली. पण बंद पडली ती वाचायची साधनं. फीड पुरवणारी बाजू जागची हलली नाही. ब्लॉगस्पॉट, वर्डप्रेस, ड्रुपल ही ब्लॉग आणि संकेतस्थळं चालवायची साधनं आजही कुणी न सांगता फीड तयार करतात, आणि कित्येक लेखकांना आपली फीड चालू आहे याचा पत्ताही नसतो.

माझ्या यादीतले निम्मेअधिक ब्लॉग तसे ओसच म्हणायचे. फेसबुकने मराठी ब्लॉगांची वस्ती उठवली, त्यातून मागे राहिलेले. कुणी वर्षातून एकदा लिहितं, कुणी केव्हाच थांबलंय. अशांच्या घरी रोज चक्कर कोण मारणार? फीड मात्र धरून ठेवायला काही पडत नाही. अ‍ॅप सर्व्हरला एवढंच विचारतं की मागच्या खेपेनंतर काही बदललंय का. नसेल तर '३०४' असं आकड्यात उत्तर येतं आणि मजकूर उतरवलाच जात नाही. गणपतीच्या सुमारास किल्ल्यांवर लिहिणारा एक जण असाच अचानक यादीत वर आला. कितीतरी वर्षं गप्प होता. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवरचा लांबलचक लेख, दगडांवरच्या शेवाळासकट, कुठे डावीकडे वळायचं नाही त्यासकट. त्याने तो फेसबुकवर टाकला असता तर लाइकच्या हिशेबात कधीच खाली गेला असता. इथे नवा लेख म्हणजे नवा लेख, वेळेच्या क्रमाने. कुणाला किती आवडला याची भानगडच नाही.

आता दुसरी बाजू. एका दैनिकाची फीड हौसेने घातली आणि संध्याकाळपर्यंत न वाचलेल्यांचा आकडा बघून छातीत धस्स झालं. नको ते शब्द गाळायची सोय फीडरमध्ये आहे, पण ती शीर्षकातली अक्षरं जुळवते आणि मराठी विभक्त्या तिला ठाऊक नाहीत. 'निवडणूक' गाळा, 'निवडणुकीत' खुशाल आत येते. 'निवडण' एवढाच तुकडा दिला तेव्हा कुठे दोन्ही थांबल्या. हा उद्योग करत बसण्यापेक्षा दैनिकच काढून टाकलं. बातम्यांसाठी सकाळी एकदा संकेतस्थळ उघडतो, बास.

सामूहिक लेखनाच्या संकेतस्थळांचं प्रकरण मधलं आहे, आणि तिथे जरा सांभाळावं लागतं. फीड म्हणजे काही अख्खं कपाट नव्हे, ताज्या लेखांची छोटी यादी असते. वर्डप्रेस आणि ड्रुपल दोन्हीकडे, मालकाने बदल केला नसेल तर, शेवटचे फक्त १० लेख. एरवी पुरतात. दिवाळी अंकाच्या दिवसांत एकाच रात्री पंधरा-वीस लेख चढतात आणि तेवढ्यात फोनने फीड ओढली नाही तर आधीचे यादीतून खाली पडतात. अ‍ॅपला ते कधी दिसतच नाहीत. त्यात आपले फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली मागे चाललेली अ‍ॅपं झोपवतात. माझ्या फोनने चार दिवस काहीच ओढलं नव्हतं. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन फीडरवरची बंधनं काढली तेव्हा गाडी रुळावर आली. ज्यांना एकही लेख चुकवायचा नाही त्यांनी सर्व्हरवर चालणारा रीडर घ्यावा, फ्रेशआरएसएससारखा. तो तुमचा फोन बंद असला तरी ओढत राहतो. मात्र तो मांडायला सर्व्हरवर स्वतःची जागा लागते आणि थोडी खटपट येते.

दुसरं म्हणजे प्रतिक्रिया. मराठी संकेतस्थळांवर अर्धी मजा लेखाखालच्या वादात असते आणि फीडमध्ये नेमकी तीच नसते. ब्लॉगस्पॉट आणि वर्डप्रेस प्रतिक्रियांची वेगळी फीड देतात, तीही लावून पाहिली. कुठल्या लेखावर कोण कुणाला काय म्हणतंय, कशाचा पायपोस कशात राहत नाही. काढली.

आता लेखक मंडळींसाठी एक तक्रार. फीडमध्ये पूर्ण लेख द्यायचा की चार ओळी, हे ठरवायचं बटण तुमच्या हातात असतं. चार ओळी दिल्या की वाचक वाक्याच्या मध्यावर तीन टिंबांपाशी येऊन आपटतो. फीडर अशा वेळी मूळ पानावरून पूर्ण लेख आणू शकतं, पण जुन्या नक्षीदार टेम्प्लेटवर लेखाऐवजी बाजूच्या पट्टीतली महिन्यांची यादी उचलून आणतं. ब्लॉगवर जाहिराती नाहीत, तर वाचक पानावर आलाच पाहिजे हा अट्टहास कशाला?

आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. रागाच्या भरात लिहून तासाभरात उडवलेला लेख माझ्याकडे राहतो. फीडमधून एकदा फोनवर उतरला की तिकडे उडवल्याने इकडचा जात नाही. एका लेखकाचा असा लेख माझ्याकडे पडून होता. वाचला, पुसला, कुणाला बोललो नाही.

बारीकसारीक: देवनागरी व्यवस्थित दिसते, अक्षराचा आकार वाढवता येतो. उतरवलेले लेख इंटरनेट नसताना वाचता येतात, घाटात एसटीत बसल्यावर याची किंमत कळते. लेख मोठ्याने वाचून घ्यायची सोय आहे. फोनमधला मराठी आवाज जोडाक्षरांना अडखळत नाही, पण स्वल्पविराम त्याला फारसे मानवत नाहीत. यूट्यूबच्या चॅनेलचीही फीड असते, शेवटच्या १५ व्हिडिओंची. दोन कीर्तनांची आणि एका सुतारकामाची लावली आहे.

सगळी यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाईलमध्ये बाहेर काढता येते. मधूनमधून ती स्वतःला मेल करून ठेवतो. लॅपटॉपवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये (तोही फीड वाचतो) ती चढवून पाहिली: ब्लॉग सगळे आले, गट जसेच्या तसे आले. काय वाचून झालंय याची नोंद या फाईलमध्ये नसतेच, त्यामुळे तिकडे पहिल्या दिवशी सगळंच न वाचलेलं दिसतं. एकदा सगळ्यावर 'वाचलं' मारून टाकायचं आणि पुढे चालायचं.