पायएएमजी: अडीच लाख अज्ञाते, काळा पाषाण आणि प्रयोगशाळेतला साधा संगणक

गेली दोन वर्षे मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संख्यात्मक गणन शिकवताना पायएएमजी ही पायथॉनमधील प्रणाली नियमितपणे वापरत आहे. मल्टिग्रिड पद्धतीने मोठी विरळ समीकरणसंहती, म्हणजे जिच्यातील बहुतेक गुणक शून्य असतात अशी, सोडवण्यासाठी ती बनवलेली आहे. ती मोफत आहे, एमआयटी परवान्याखाली मिळते, तिची संपूर्ण संकेतावली वाचता येते आणि पिप या साधनाने एका ओळीच्या आज्ञेत ती संगणकावर बसते. आमच्या प्रयोगशाळेतील संगणक आठ जीबी स्मृतीचे आहेत आणि त्यांवर ती विनातक्रार चालते. माझे मत आधीच सांगून टाकतो: शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी आणि मध्यम आकाराच्या संशोधनासाठी यासारखे साधन मला दुसरे सापडलेले नाही, मात्र तिची मूळ मांडणी जशीच्या तशी स्वीकारून उत्तरावर विश्वास ठेवणाऱ्याची ती फसगतही करू शकते.

मल्टिग्रिडची गरज का पडते, हे मी वर्गात चादरीच्या उदाहरणाने सांगतो. पलंगावर अंथरलेल्या चादरीवरच्या बारीक चुण्या तळहाताने निघतात, पण चादर मुळातच तिरकी पडली असेल, तर कितीही हात फिरवला तरी ती सरळ होत नाही. दोन टोके धरून ती ओढावी लागते. गाउस-सायडेलसारखी जुनी पद्धत म्हणजे तळहात. ती प्रत्येक बिंदूचे मूल्य शेजाऱ्यांवरून सुधारत जाते, त्यामुळे उत्तरातील दातेरी चूक दोन-चार फेऱ्यांत निघून जाते, पण संपूर्ण क्षेत्रावर पसरलेली संथ चूक तशीच राहते. ५०० गुणिले ५०० बिंदूंच्या चौरस जाळीवर प्वासाँचे समीकरण (उष्णता किंवा पाण्याच्या स्थिर प्रवाहासाठी येणारे) घेतले, तर या पद्धतीला चूक एक दशांशावर आणण्यासाठी सुमारे ५८ हजार फेऱ्या लागतात, आणि जाळी दुप्पट बारीक केली की हा आकडा चौपट होतो. मल्टिग्रिडमध्ये हीच संथ चूक ढोबळ जाळीवर उतरवली जाते. तिथे बिंदू थोडे असल्यामुळे ती पुन्हा दातेरी दिसू लागते आणि स्वस्तात दुरुस्त होते. सोव्हिएत गणितज्ञ फेदोरेंको यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, १९६६ मध्ये बाख्वालोव यांनी तिचा सैद्धांतिक पाया विस्तारला आणि १९७७ मधील अची ब्रांट यांच्या लेखानंतर ती व्यवहारात रुळली. पुढे ब्रांट, मॅककॉर्मिक, रूगे आणि स्ट्यूबेन यांच्या कामातून तिचे बीजगणितीय रूप आले. त्यात प्रत्यक्ष जाळी हाताशी असावी लागत नाही. मॅट्रिक्समधील संख्यांवरूनच ढोबळ पातळ्या रचल्या जातात. पायएएमजी हे बीजगणितीय रूप वापरते.

या प्रणालीचा मला सर्वांत भावलेला गुण म्हणजे ती आपले काम झाकून ठेवत नाही. वरचीच ५०० गुणिले ५०० ची समस्या रूगे-स्ट्यूबेन पद्धतीला दिली आणि सोडवणाऱ्या वस्तूला नुसते छापायला सांगितले, तरी तिने रचलेल्या सर्व पातळ्यांचा तक्ता समोर येतो. सर्वांत वरच्या पातळीवर २,५०,००० अज्ञाते आणि १२,४८,००० शून्येतर संख्या दिसतात. दुसऱ्या पातळीवर बरोबर १,२५,००० अज्ञाते उरतात. हा आकडा बरोबर निम्माच का, असे मी मुलांना विचारतो आणि बुद्धिबळाचा पट आठवायला सांगतो. पाचबिंदू सूत्रात प्रत्येक बिंदूचे चारच शेजारी असतात, त्यामुळे काळी घरे ठेवून पांढरी काढून टाकली, तरी प्रत्येक पांढऱ्या घराला चारही बाजूंनी काळा शेजारी उरतो. तिसऱ्या पातळीवर ३१,२५२, मग ७,८२५, मग १,९३७ असे उतरत नवव्या पातळीवर फक्त ७ अज्ञाते राहतात आणि तिथे उत्तर थेट काढले जाते. सर्व पातळ्यांवरील अज्ञातांची बेरीज मूळ संख्येच्या १.६६७ पट आणि शून्येतर संख्यांची बेरीज २.१९९ पट भरते. म्हणजे नऊ पातळ्या सांभाळण्याचा एकूण खर्च मूळ मॅट्रिक्सच्या जेमतेम सव्वादोन पट आहे. मल्टिग्रिडचे काम अज्ञातांच्या प्रमाणातच वाढते हे विधान पुस्तकात वाचून जे पटत नाही, ते या नऊ ओळी वहीत उतरवून बेरीज केल्यावर पटते.

स्मृतीचा हिशोबही याच तक्त्यावरून करून घेण्यासारखा आहे. अडीच लाख अज्ञातांची मॅट्रिक्स शून्यांसह पूर्ण साठवायची म्हटली, तर ५०० जीबी जागा लागेल. विरळ रूपात ती सुमारे १६ एमबीमध्ये मावते.

प्रणालीची खरी परीक्षा मात्र चौरसावर होत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने सोलापूरच्या उत्तरेकडील शिवाराच्या भूजलाचा उभा काटछेद प्रकल्पासाठी घेतला होता. आपल्याकडे वर मुरूम, त्याखाली सच्छिद्र मांजऱ्या आणि त्याखाली कठीण काळा पाषाण असे थर असतात, आणि त्यांची पाणी वाहू देण्याची क्षमता एकमेकांहून कित्येक पटींनी वेगळी असते. शिवाय थर पातळ आणि शिवार रुंद असल्यामुळे तिची जाळी उभ्या दिशेने २ मीटर आणि आडव्या दिशेने ५० मीटर अंतराची होती. अंतरांचे गुणोत्तर २५, त्याचा वर्ग ६२५. म्हणजे एकाच थराच्या आत बिंदूचा वरच्या-खालच्या शेजाऱ्याशी संबंध बाजूच्या शेजाऱ्यापेक्षा ६२५ पट बळकट. अशा ठिकाणी ढोबळ पातळी केवळ उभ्या दिशेने रचली पाहिजे, कारण बळकट संबंधाच्या दिशेनेच चूक गुळगुळीत होते.

पायएएमजीमधील दोन मुख्य पर्याय इथे वेगळे वागतात. रूगे-स्ट्यूबेन पद्धतीत बळकट कोणाला म्हणायचे हे ठरवणारा थीटा हा उंबरठा मुळातच ०.२५ असतो, त्यामुळे ६२५ पट दुबळे आडवे संबंध आपोआप बाजूला पडतात आणि काम सुरळीत होते. बिंदूंचे गट करून चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे स्मूद्ड ॲग्रिगेशनमध्ये, हाच उंबरठा मुळात शून्य ठेवलेला आहे. शून्य म्हणजे सगळेच शेजारी बळकट, आणि गट दोन्ही दिशांनी पसरतात. विद्यार्थिनीने हीच पद्धत निवडली होती, कारण साध्या समस्येवर तिचा एकूण खर्च दीडपटीच्या आत राहतो. अवशेषाचा, म्हणजे समीकरणांच्या दोन बाजूंत उरलेल्या तफावतीचा, आलेख सुरुवातीला थोडा खाली आला आणि मग आडवा पडत गेला. प्रणालीने कोणतीही सूचना दिली नाही. थीटा ०.०८ केल्यावर तोच आलेख सरळ उतरला. सोबतची माहिती वाचली तर शून्याची ही निवड स्पष्ट लिहिलेली आहे, हे मान्य करूनही नवख्या माणसासाठी ती ठळकपणे सांगायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

त्याच प्रकल्पात आणखी एक अडचण आली, तिचा दोष प्रणालीचा नव्हता. चारही बाजूंनी पाणी आत-बाहेर जात नाही असे गृहीत धरल्यामुळे मॅट्रिक्स अविलोमनीय, म्हणजे व्यस्त काढता न येणारी, झाली होती. पायएएमजी सर्वांत खालच्या पातळीवर छद्म-व्यस्त (खरा व्यस्त नसतानाही काढता येणारा पर्याय) वापरते, म्हणून ती अशा मॅट्रिक्सवरही अडून बसत नाही, पण पावसाने मुरणारे पाणी आणि विहिरींतून उपसलेले पाणी यांची बेरीज शून्य नसेल, तर अवशेष एका मूल्याला येऊन थांबतो आणि कितीही फेऱ्या दिल्या तरी हलत नाही. मुरलेले आणि उपसलेले पाणी जुळत नाही, हे विद्यार्थिनीला मॅट्रिक्सने सांगितले. तिने एका टोकाला तलावाची पाणीपातळी स्थिर धरली आणि प्रश्न सुटला.

स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. ताण आणि विरूपणाच्या समस्येत प्रणालीला नुसती मॅट्रिक्स देऊन भागत नाही. वस्तू न वाकता जशी सरकू किंवा फिरू शकते त्या हालचाली, द्विमितीत तीन आणि त्रिमितीत सहा, वेगळ्या द्याव्या लागतात. त्या दिल्या नाहीत तर पद्धत रडतखडत चालते.

मर्यादा सरळ आहेत. पायएएमजी एकाच यंत्रावर चालण्यासाठी बनवलेली आहे, अनेक यंत्रांवर काम वाटून देण्याची सोय तिच्यात नाही. ज्यांना कोट्यवधी अज्ञातांच्या समस्या महासंगणकावर सोडवायच्या आहेत त्यांनी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेची हायपर किंवा आरगॉन प्रयोगशाळेची पेट्‌एससी घ्यावी. त्या शिकायला अवघड आहेत, पण त्या कामासाठीच घडवलेल्या आहेत.

या परीक्षणाचा दुसरा अर्धा भाग मला साधनाच्या सोबतीने मिळणाऱ्या सामग्रीविषयी लिहायचा आहे, कारण नुसते हत्यार असून चालत नाही, घासून पाहायला लोखंडही लागते. संख्यात्मक गणनाच्या क्षेत्रात वाटून घेण्याची परंपरा जुनी आहे. १९८५ मध्ये डोंगारा आणि ग्रॉस यांनी सुरू केलेली नेटलिब ही सेवा मागणी करणाऱ्याला ई-मेलने गणिती संकेतावली पाठवत असे. आज आमच्या उपयोगाचा सर्वांत मोठा साठा म्हणजे टिम डेव्हिस यांनी फ्लोरिडा विद्यापीठात उभा केलेला आणि आता टेक्सास ए अँड एम विद्यापीठातून चालणारा स्वीटस्पार्स मॅट्रिक्स संग्रह. त्यात २,८०० हून अधिक मॅट्रिक्स आहेत, त्याही खऱ्या कामांतून आलेल्या: पूल, विद्युत मंडले, तेलाचे साठे, द्रवप्रवाह. प्रत्येकीसोबत ती कुठून आली, कोणी दिली आणि तिचे गुणधर्म काय, याची नोंद असते. पायथॉनमध्ये ती दोन ओळींत वाचता येते.

वाचताना मात्र पहिली ओळ पाहिलीच पाहिजे. मॅट्रिक्स मार्केट या साच्यातील फाइलच्या माथ्यावर सिमेट्रिक (सममित, म्हणजे कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी) असा शब्द असेल, तर फाइलमध्ये फक्त खालचा त्रिकोण साठवलेला असतो. तयार वाचक वापरला तर वरचा अर्धा तो स्वतः भरतो. एका विद्यार्थ्याने स्वतःचा वाचक लिहिला, हा शब्द त्याच्या नजरेतून सुटला, आणि त्याची पद्धत पहिल्याच फेरीत अचूक उत्तराला पोहोचली. तो अत्यंत आनंदात माझ्याकडे आला. खालच्या त्रिकोणाची मॅट्रिक्स गाउस-सायडेल एका फेरीत सोडवतेच, कारण वरून खाली येताना प्रत्येक ओळीतील आधीची सर्व उत्तरे हातात असतात. चूक सापडल्यावर आम्ही पुढचा पूर्ण तास त्यावरच घालवला, आणि तो तास वाया गेला असे मला आजही वाटत नाही.

याउलट अनुभवही सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका शोधनिबंधातील भूजलाच्या गणनाचे निकाल आम्हाला पडताळून पाहायचे होते. लेखकांना मॅट्रिक्स आणि उजव्या बाजूचा सदिश मागितला. तीन पत्रांनंतर उत्तर आले की ते गणन जुन्या संगणकावर होते आणि आता उपलब्ध नाही. निबंधातील आलेखाची पट्टी लावून मोजमापे घेण्यात आमच्या विद्यार्थ्याचे एक संपूर्ण सत्र गेले, तरीही त्यांचा निकाल बरोबर होता की नाही हे आम्हाला ठरवता आले नाही. मॅट्रिक्सची फाइल काही एमबींची असते. ती निबंधासोबत ठेवायला पैसे लागत नाहीत. पायएएमजीच्या कर्त्यांनी, म्हणजे बेल, ओल्सन आणि श्रोडर यांनी, २०२२ मध्ये तिच्याविषयीचा लेख जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये दिला. तिथे परीक्षकांचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे सर्वांसमोर लिहिली जातात. मोठ्या शहरातील मोठ्या संस्थेत जे समोरासमोर विचारता येते, ते आम्हाला इथून वाचूनच कळते. म्हणून कामाची ही उघडी रीत आम्हाला सर्वाधिक उपयोगी पडते.

पायएएमजी कोणी घ्यावी, तर ज्याला आपली समस्या स्वतः समजून घ्यायची आहे त्याने. ज्याला नुसते बटण दाबून उत्तर हवे आहे त्याच्यासाठीही तिच्यात एक तयार आज्ञा आहे, आणि ती मॅट्रिक्स तपासून पर्याय स्वतः निवडते. तरीही पातळ्यांचा तक्ता आणि अवशेषाचा आलेख पाहिल्याखेरीज तिचे उत्तर अहवालात उतरवू नये. सुरुवात करणाऱ्याने तिच्यासोबतची उदाहरणे क्रमाने चालवावीत, मग संग्रहातील एखादी मॅट्रिक्स घ्यावी आणि त्यानंतरच स्वतःच्या समस्येला हात घालावा.

आमच्या काटछेदाची मॅट्रिक्स, सदिश, थरांची जाडी आणि थीटा शून्य व ०.०८ ठेवून मिळालेले दोन्ही आलेख आता महाविद्यालयाच्या सामायिक साठ्यात ठेवले आहेत. विहिरींच्या मालकांची नावे काढून टाकली आहेत. या वर्षीच्या तुकडीने पहिल्याच आठवड्यात ती फाइल उघडून रूगे-स्ट्यूबेनने सोडवली आणि जुन्या उत्तराशी ताडून पाहिली. दोन्ही उत्तरे सहाव्या दशांश स्थळापर्यंत जुळली.