डिप्रेशनच्या गोळ्या थांबल्यावर घरी वजनं उचलायची असतील तर: 20 किलोचा पीव्हीसी सेट

तालुक्याची जिम लांब, एसटीचा भरवसा नाही, आणि जिममध्ये गोळ्यांबद्दल खोदून विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. म्हणून डिप्रेशनच्या गोळ्या थांबल्यावर व्यायाम धरायचा म्हटलं की खेड्यातली बरीच मंडळी ऑनलाइन मिळणारा 20 किलोचा पीव्हीसी सेट मागवतात. किंमत दोन हजारांच्या आसपास. डंबेलचे दोन 14 इंची रॉड, तीन फुटी एक रॉड आणि 2 व 3 किलोच्या प्लेटा. पहिले पाच-सहा महिने हा सेट पुरतो. घ्यायला हरकत नाही, फक्त आल्या आल्या नीट तपासा.

प्लेट म्हणजे वरून प्लास्टिकचं कवच आणि आत सिमेंटचा भराव. फरशीवर आदळली की कडेला चीर जाते, मग भुकटी गळत राहते. सारवलेल्या ओसरीत प्लेट वाचते, पण जमिनीला खळगा पडतो. बारदान्याची चौपदरी घडी आणि तिच्यावर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा टाकला की दोन्ही टळतं. छापलेल्या वजनावर विसंबू नका. किराणा दुकानाच्या काट्यावर एकेक प्लेट मोजा, खरा आकडा मार्करनं तिच्यावर लिहा आणि सारख्या वजनाच्या जोड्या लावा, नाहीतर डोक्यावर नेताना रॉड एका बाजूला कलतो.

खरी गोम रॉडमध्ये असते. 25 मिलिमीटर जाडीचा भरीव 14 इंची रॉड सव्वा किलोच्या वर भरतो. तो निम्माच भरला तर आतून पोकळ आहे. तसाच परत पाठवा, कारण पोकळ रॉड आट्यांपाशी वाकतो. प्लेटा रॉडवर आवळून धरणाऱ्या स्टार नटच्या आत रबरी वायसर आहे ना, ते पाहा. वायसर नसेल तर प्लेट फिरता फिरता नट सैल करते. वायसर असला तरी व्यायामाच्या प्रत्येक फेरीनंतर नट हातानं आवळायचा.

या सेटची सगळ्यात मोठी उणीव म्हणजे लहान प्लेटा नाहीत. तीन फुटी रॉडवर दोन्ही बाजूंना 2-2 किलो चढवले की एकदम 4 किलोची उडी होते. बैठकांना ती पेलते, खांद्याच्या प्रेसला, म्हणजे वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलताना, पेलत नाही. गोळ्या नुकत्याच थांबलेल्या माणसाची झोप आधीच विस्कटलेली असते. त्यात वजन अडलं की तो दोष स्वतःला लावून घेतो आणि सेट पलंगाखाली जातो. म्हणून अमरावती किंवा नागपूरच्या क्रीडासाहित्याच्या दुकानातून 1 किंवा सव्वा किलोच्या लोखंडी प्लेटांची एक जोडी आणाच. जाताना रॉडची जाडी मोजून न्या, भोकाचं माप जुळायला हवं.

आता गोळ्यांचं. त्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत थांबवलेल्या असाव्यात, मनानं एकदम सोडलेल्या नकोत. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन अंगातून लवकर उतरतात, त्यामुळे दोन-चार दिवसांतच गरगरणं, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखं होणं सुरू होऊ शकतं. फ्लुओक्सेटीन हळू उतरतं. त्रास झालाच तर काही आठवड्यांनी होतो, आणि तोवर लोक तो व्यायामाच्या माथी मारतात. म्हणून ज्या आठवड्यात डोस कमी झाला त्या आठवड्यात वजन वाढवू नका. दोन्ही एकदम बदललं तर भोवळ कशानं आली ते कळत नाही.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, असं धरा. छातीशी डंबेल धरून बैठका, जमिनीवर पाठ टेकून प्रेस, एका हाताची रोइंग (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं), आणि मांडीपासून खाली नेऊन वर आणायची रोमानियन डेडलिफ्ट. प्रत्येकी 8 वेळा, अशा 3 फेऱ्या (सेट). अजून दोन-तीन जमतील असं वाटत असतानाच थांबायचं. वर येताना श्वास सोडायचा. दम कोंडून जोर लावला की आधीच गरगरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. जमिनीवरून रॉड उचलायचा असेल तर प्लेटांचा घेर लहान असल्यानं तो फार खाली बसतो आणि कंबर वाकते. प्लेटांखाली जाड लाकडी फळ्या ठेवा. विटा नको, फुटतात.

वावरात कष्ट होतातच, मग हे कशाला, असा प्रश्न घरून येतो. 16 लिटरचा फवारणी पंप दिवसभर पाठीवर वागवला तर माणूस थकतो, पण ते ओझं आपल्या ताकदीनुसार थोडं थोडं वाढवता येत नाही. फवारणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र व्यायामाच्या फेऱ्या निम्म्या करा. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हा उजाडायच्या आत उरका; टिनाच्या शेडमध्ये दुपारी नकोच. खुराकाला डबाबंद पावडर लागत नाही. 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, वर तुरीचं वरण आहेच. व्यायामाआधी घ्यायची कॅफिनवाली प्री-वर्कआउट पावडर टाळा, ती झोप घालवते आणि छातीतली धडधड वाढवते.

वजनांनी मन सावरायला मदत होते. 2018 मध्ये 33 चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा उदासीची लक्षणं कमी झालेली दिसली. पण गोळीची जागा हा सेट घेत नाही. ब्रिटनमधल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकाळ गोळ्या घेणारी, बरं वाटत असलेली माणसं होती. त्यांच्यातल्या गोळी थांबवलेल्या 56 टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं. म्हणून वहीत वजनाशेजारी झोपेचे तासही लिहा. सलग दोन आठवडे झोप, भूक आणि उचललेलं वजन तिन्ही घसरत असतील तर डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटला तर वाट पाहू नका, लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पुढे बैठकांना 20 किलो कमी पडू लागले की दुसरा पीव्हीसी सेट घेऊ नका. त्या जाड प्लेटा रॉडवर मावतच नाहीत. पाच फुटी भरीव रॉड आणि लोखंडी प्लेटा किलोच्या भावानं घ्या.