सिंट मार्टेन की सँ मार्तँ: कारभार कुठला बरा?

कॅरिबियनमधलं बेट एकच, जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं, आणि मधली सीमा म्हणजे रस्त्याकडेचा दगड नि पाटी. तरी कामधंद्यासाठी येणाऱ्याला दक्षिणेचा डच भाग (सिंट मार्टेन) की उत्तरेचा फ्रेंच (सँ मार्तँ), हे आधी ठरवावं लागतं. मी दोन्हीकडे खेटे घातलेत.

डच बाजू १० ऑक्टोबर २०१० पासून नेदरलँड्सच्या राजेशाहीतला वेगळा ‘देश’ आहे. पंतप्रधान स्वतःचा, संरक्षण, परराष्ट्र व्यवहार असे मोजके विषय राजेशाहीकडे. संसद १५ जणांची, त्यामुळे एकदोघांनी उडी मारली की सरकार गडगडतं. इथे याला ‘शिप जंपिंग’ म्हणतात. आयाराम-गयाराम बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको. २०२४ मध्ये जानेवारीत निवडणूक झाली, ऑगस्टमध्ये पुन्हा. २०१७ च्या इर्मा वादळानंतर हेगने (म्हणजे नेदरलँड्स सरकारने) मदत दिली तीही अटी घालून, आणि त्या वादात इथलं सरकार पडलं.

फ्रेंच बाजू २००७ मध्ये ग्वादलुप या फ्रेंच बेटसमूहापासून वेगळी झाली. २३ जणांची परिषद; कर, रस्ते, पर्यटन तिच्या हातात. शिवाय पॅरिसच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात शेजारच्या सँ बार्थेलेमी बेटासोबत मिळून एक खासदार. हेगच्या संसदेत डच बाजूचा कोणीच नाही. कागदावर फ्रेंच बाजू भक्कम, हे मान्य.

माझं घोडं अडलं ते कागदांवरच. परदेशी माणसाला कामाची परवानगी हा परिषदेचा विषय, राहण्याचा परवाना मात्र फ्रेंच सरकारचा, म्हणजे प्रीफेचा (आपला जिल्हाधिकारी समजा). दोन मालक, दोन फायली, दोन्ही फ्रेंचमध्ये. मी पहिले दोन दिवस चुकीच्या रांगेत काढले, दोष माझाच. माझा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, निव्वळ मराठी. शपथबद्ध अनुवादकाने तालुक्याचा ‘कँटन’ (फ्रान्समधला एक छोटा विभाग) केला, आणि मग तो कँटन नेमका कुठला, हे समजावण्यात माझा आठवडा गेला.

डच बाजूलाही खाती दोन आहेत, आणि मंत्री बदलला की फाईल धूळ खाते. पण सरकार एकच, कामकाज इंग्रजीत. कोण पडलं नि का पडलं, हे निदान मला कळतं.

घरात कुणाला बऱ्यापैकी फ्रेंच येत असेल तर माझं ऐकू नका, फ्रेंच बाजूची राजधानी मारिगो जरूर बघा. मी डच राजधानी फिलिप्सबर्गलाच भाड्याने राहतो. क्रोसाँ खायला मात्र रविवारी टेकडी ओलांडतो.