रूढीचं नाणं: पोलंडचं की झवेरी बाजारातलं?

लोकरूढी जपणारं चांदीचं नाणं घ्यायचं तर कुठलं? माझ्यापुढे दोन आहेत.

पहिलं पोलंडच्या राष्ट्रीय बँकेचं, २००३ सालचं २० झ्लॉटीचं (झ्लॉटी म्हणजे पोलंडचं चलन). विषय श्मिगुस-डिंगुस, म्हणजे ईस्टरनंतरच्या सोमवारी एकमेकांना पाण्याने चिंब भिजवायची चाल. आपली रंगपंचमीच आठवते! चांदी ९२५, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध, वजन २८.२८ ग्रॅम. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास घडवलेलं नाणं असल्याने पार्श्वभूमी आरशासारखी लखलखीत. हात लावायचा तो फक्त कडेला, आणि पुसायचं तर अजिबात नाही. बोटाचा एक ठसा उमटला की मोल उतरलंच.

दुसरं झवेरी बाजारातलं, धनत्रयोदशीला घेतलेलं दहा ग्रॅमचं, ९९९ शुद्धतेचं. एका बाजूला कमळावर बसलेली लक्ष्मी. कायद्याने हे चलन नव्हे, त्यावर दर्शनी किंमतही नसते. मोडीला दिलं तर चांदीच्या भावानेच जाणार. पण आमच्या आत्याकडचं असंच एक नाणं पाहा: कमळाच्या पाकळ्यांत वर्षानुवर्षांचं हळदकुंकू घट्ट बसलंय, दरवर्षी चिंचेच्या कोळाने घासून लक्ष्मीचं नाक पार झिजलंय.

कारागिरीत पोलंडचं नाणं कितीतरी सरस, वादच नाही. मात्र ते रूढीचं चित्र दाखवतं. आत्याचं नाणं स्वतःच पूजेत बसतं. संग्राहकाने पहिलं घ्यावं, तेही मूळ कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक डबी, आणि प्रमाणपत्रासकट. लेकीच्या पहिल्या दिवाळीला मी मात्र दुसरंच देईन, पक्कं बिल घेऊन.