लिनक्सला एसएसडी दिसेना: सात महिने वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेट केलं आणि लॅपटॉप पुन्हा पहिल्या दिवसावर आला: लिनक्सला एसएसडी दिसेना. फेडोरा (माझं लिनक्स) सुरू होतानाच ड्राकट या त्याच्या बूट-साधनाच्या इमर्जन्सी शेलमध्ये अडकलं, विंडोजला निळी स्क्रीन. सर्व्हिस सेंटरने मशीन न उघडताच सांगितलं, 'एसएसडी गेली, नवी टाका.' एसएसडी ठणठणीत होती. अपडेटने बायोसची सेटिंग मूळपदावर नेली आणि व्हीएमडी, म्हणजे एसएसडीला रेडसाठी आपल्या ताब्यात घेणारी इंटेलची सोय, परत चालू झालं, एवढंच. एकाच एसएसडीच्या लॅपटॉपला रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणं) हवंच कशाला? तरी कंपनी ते चालू ठेवूनच विकते. एक तारा याचाच कापला.

लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता) लिनक्स चालवून एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये एनव्हीएमई, म्हणजे एसएसडी, दिसत नसेल, तर स्क्रू काढण्याआधी डीमेसेज (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदी) वाचा. 'रिमॅप्ड एनव्हीएमई' असा उल्लेख असेल तर ते आरएसटी, इंटेलची रेडची जुनी पद्धत. तिथे बायोसमध्ये रेडचं एएचसीआय (रेडविना साधी जोडणी) करण्यावाचून गत्यंतर नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे बहुधा व्हीएमडी असतं. एसरच्या बऱ्याच मॉडेलांत ते बंद करायचा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या मेन टॅबवर कंट्रोल-एस दाबल्यावर तो उघडतो.

विंडोज ठेवायचं असेल तर क्रम चुकवू नका. आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर सस्पेंड करा. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये सेफ बूट, मिनिमल निवडा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा. सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडलं की त्याला नवा कंट्रोलर सापडतो. मग सेफ बूटची खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, पासवर्ड माहीत हवा. थेट व्हीएमडी बंद केलंत तर विंडोज उठत नाही, आणि घाबरून लोक फॉरमॅट मारतात. तसं करू नका, सेटिंग परत फिरवली की ते उठतं.

व्हीएमडी बंद केल्याशिवाय लिनक्स बसतच नाही, असं माझं ठाम मत होतं. ते आता बदललंय. नव्या कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर आहे. फेडोरा अडकलं कारण त्याची इनिट्रॅमएफएस (सुरू होताना आधी लोड होणारी ड्रायव्हरची फाइल, ड्राकट बनवतं ती) व्हीएमडी बंद असताना बनली होती आणि त्यात तो ड्रायव्हर घेतलाच नव्हता. ग्रबमधल्या (बूट मेनूतल्या) रेस्क्यू पर्यायात तो असतो, म्हणून त्याने मशीन लगेच सुरू झालं. एसएसडी शाबूत असल्याचा पुरावाही तिथेच मिळाला. आता ड्राकटच्या कॉन्फिगमध्ये व्हीएमडी कायमचं जोडलंय.

बाकी कीबोर्ड उत्तम, वायफाय बिनतक्रार, बॅटरी ठीक.

पुण्यात टिळक रोडवर लॅपटॉप घ्यायला जाताना लाइव्ह पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडायला लावा आणि व्हीएमडी बंद करायचा पर्याय आहे का ते बघा. नसेल तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.